कोब्याची दुरुस्ती

सोमवार, ४ मार्च

आज सकाळी घराचा ताबा मिळाला. एकदाचं तळमजल्याचं घर! दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ऐसपैस अंगण, भोवती भिंत. एक पायरी सोडली तर चढण्यासारखं काही नाही. टेम्पोवाल्याने सामान उतरवल्यावर मी आधी एक खुर्ची शोधून काढली, अंगणाच्या मधोमध मांडली आणि चहा पीत घराकडे नुसता बघत बसलो. या वयात नवं घर म्हणजे चैनच आहे.

मग खाली नजर गेली. अंगणभर काँक्रीटचा कोबा आहे, किंवा कोणे एके काळी होता. फाटकापासून दारापर्यंत एक लांब भेग, तिला दहा-बारा फाटे. पायरीची कड तुटून आतली सळई उघडी पडली आहे आणि गंजून बोटभर फुगली आहे. जागोजागी खळगे, पोपडे. आणि या सगळ्यावर कोणा महाभागाने मऊ चुन्यासारखं काहीतरी बोटांनी चोपडून ठेवलंय. बोटांचे ठसे दिसतात! मी चौतीस वर्षं काँक्रीट तपासण्याची नोकरी केली. साइटवर मला हातोडीसाहेब म्हणायचे, कारण मी गेलो की आधी हातोडी वाजायची आणि मग कंत्राटदाराचं तोंड उतरायचं. असली थेरं माझ्यासमोर केली असती तर त्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी कामावर उभा केला नसता.

हातात बारा दिवस आहेत. जुन्या घराच्या जिन्यात पडून बायकोचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती भावाकडे आहे. सोळा तारखेला ती इथे येणार. माझा हा मेहुणा, ज्याला भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही, तो मला फोनवर सांगतो की भाऊजी, तिला इथेच राहू द्या, तुमच्याच्याने हे व्हायचं नाही. पुन्हा पडली तर ते हाड सांधता येणार नाही, असं डॉक्टरने बजावलंय. म्हणूनच मी तिला शब्द दिलाय: फाटकापासून दारापर्यंत काठी टेकत, कोणाचाही हात न धरता, तू एकटी चालत येशील.

मंगळवार, ५ मार्च

आज कोबा वाजवला. पद्धत सोपी आहे, पण शिकवून येत नाही, त्याला कान लागतो. वीत-वीत अंतरावर हातोडीने हलका ठोका द्यायचा. काँक्रीट घट्ट असेल तर टण्ण वाजतं. खाली सुटलं असेल तर बद्द. बद्द वाजेल तिथे खडूने रेघ मारायची. सगळ्या रेघा जोडल्या की पोकळ भाग समोर दिसतो. एवढ्या वाईट कोब्यात निदान निम्मा पोकळ निघेल असं वाटलं होतं. निघाला एकच तुकडा, फाटकाजवळ, पोळपाटाएवढा. थोडा हिरमुसलोच.

ठोके सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील तोच शेजारच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, अजून प्रत्येकाला विद्यार्थी समजतात. फाटकाच्या आत पाऊल न टाकता म्हणाल्या की इथे कोणी ठोकत नाही, तेवढं पाळा. कारण विचारलं तर म्हणाल्या, सवय नाही. वा! म्हणजे माझं अंगण यांच्या सवयीने दुरुस्त व्हायचं. त्यांच्या पायांत लोकरीचे मोजे होते आणि त्यावर फेल्टच्या सपाता. नंतर नीट पाहिलं तर गल्लीतल्या प्रत्येक अंगणात तेच: खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधलेल्या, बादलीखाली गोणपाट, दारांना मऊ पट्ट्या. सगळी गल्ली चोरपावलांनी चालते. रस्तासुद्धा मातीचा ठेवलाय, डांबराचं नाव नाही.

संध्याकाळी बाईंनी धाडलेला गवंडी आला. ते बोटांनी चोपडण्याचं कर्तृत्व याचंच. मी त्याचं नाव लेपवाला ठेवलंय. पिशवीत काय, तर चिंध्या, स्पंज आणि एक डबा. हातोडी नाही, छन्नी नाही, थापीसुद्धा नाही! हातोडी नसलेला गवंडी मी जन्मात पाहिला नव्हता. तो म्हणाला की भेगा तो हाताने पुसून, लेप चोळून बुजवतो, आणि वाटलं तर माझ्याही बुजवेल. मी त्याला काँक्रीटवर अर्धा तास व्याख्यान दिलं. तेवढा वेळ तो सारखा माझ्या हातातल्या हातोडीकडे बघत होता.

गुरुवार, ७ मार्च

कामाला हात घातला. भेग छन्नीने रुंद केली, सुटलेलं सगळं पाडलं, सळई तारेच्या ब्रशने लख्ख होईपर्यंत घासली, धूळ झाडली, पाणी शिंपडलं. त्यावर सिमेंटच्या घट्ट पाण्याचा हात, मग सिमेंट-वाळूचा माल भरून थापीने दाबला. पायरीची कड अशी बसली की ओळंब्यानेही मान डोलवावी. वर ओली पोती. आता सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. लेपवाल्याला म्हणावं, ये आणि बघ, काम कशाला म्हणतात ते.

फक्त फाटकाजवळच्या पोकळ तुकड्याचं कोडं आहे. तो फोडला. पाच इंच जाडीचं काँक्रीट, सगळं घट्ट, खाली दाबून बसवलेली माती. पोकळी कुठेच नाही. पोकळी नसेल तर आवाज बद्द यायला नको. खड्डा भरून टाकला. चौतीस वर्षांत कान चुकल्याची माझी ही पहिली नोंद, आणि ती वाचायला कोणी नाही हे बरं आहे.

शनिवार, ९ मार्च

आज पुन्हा वाजवला. फाटकाजवळ टण्ण, अगदी हवं तसं. पण काल जिथे बसून मी दिवसभर भेगेत माल भरला, तिथे अंगणाच्या मध्यावर बद्द वाजतंय. मंगळवारच्या आराखड्यात त्या जागी घट्ट अशी नोंद आहे, माझ्याच अक्षरात. तुकडा आता परातीएवढा आहे.

तळातली माती वाहून जात असेल. जुन्या मालकाने खाली काय दिवे लावले असतील देव जाणे. खड्डा घेतला. घट्ट. पुन्हा भरला.

सोमवार, ११ मार्च

दुरुस्त केलेला भाग उत्तम धरतोय. एक केसाएवढी भेग नाही. मात्र पोकळ भाग पायरीपाशी आलाय. काल मी पायरीवर तासभर कड घासत होतो. लांबी साडेतीन हात, रुंदी दोन. खडूने पूर्ण रेघ मारली तेव्हा आकार खाटेएवढा दिसला.

लेपवाला फाटकाबाहेर उभा होता. हाक मारली, आत आला नाही. म्हणाला की साहेब, तुम्ही त्याला बोलावताय. कोणाला, असं विचारल्यावर त्याने खांदे उडवले. त्याच्या बापालाही ठाऊक नव्हतं, म्हणे, फक्त ठोक्याकडे येतं एवढं ठाऊक होतं. मी मनमुराद हसलो. काम येत नसलं की माणसं भुतं आणतात. मला साइटवर एका कंत्राटदाराने कोसळलेल्या स्लॅबचं कारण अमावास्या सांगितलं होतं.

हसताना पायरीवर हातोडी आपटली. तिचा आवाज मला आवडला नाही.

बुधवार, १३ मार्च

बैठकीच्या खोलीत फरशीखाली बद्द.

अंगण मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टण्ण. घरात मी अजून कशालाही हात लावलेला नाही. काल दुपारभर कपाट जोडत बसलो होतो, खिळे ठोकत, एवढंच.

मेहुण्याचा फोन आला. झालं का भाऊजी, की महिनाभर थांबवू हिला? त्याच्या आवाजात ते नेहमीचं हसू होतं. मला सांगता आलं असतं की चार दिवस दे, जमिनीत काहीतरी गडबड आहे. म्हणालो, कधीच झालं, ये आणि डोळे भरून बघ. नंतर तिच्याशी बोललो. तिने विचारलं, खरंच एकटी चालू शकेन ना? म्हणालो, माझ्यावर सोड.

शनिवार, १६ मार्च

ती आली! मोटारीतून उतरली, काठी टेकली, मेहुण्याने हात पुढे केला तो तिने झटकला, आणि फाटकापासून दारापर्यंत बावीस पावलं एकटी चालली. पायरीही चढली. दारात वळून माझ्याकडे बघून हसली. गेल्या सात महिन्यांत ती अशी हसली नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि ते मेहुण्याने पाहिलं याचंसुद्धा काही वाटलं नाही.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला शेखी मिरवायची होती. म्हटलं, नुसतं बघू नकोस, ऐक, आणि हातोडी घेऊन माझ्या पायाशी ठोका दिला. बद्द. दोन पावलं सरकून पुन्हा दिला. बद्द. मेहुणा म्हणाला की भाऊजी, मला यातलं कळत नाही, पण हे माठ वाजवल्यासारखं नाही का वाटत? आणि हसत मोटारीत बसून गेला. तो मूर्ख आहे. पण त्याचे कान बरोबर होते.

रविवार, १७ मार्च

तिच्या पलंगाचा एक पाय बोटभर खाली गेलाय. फरशी फुटलेली नाही. पायाभोवती अशी घट्ट बसलीय की जणू ओतली तेव्हाच पाय आत होता. काल संध्याकाळभर मी त्या पलंगापाशी बसून तिच्यासाठी भिंतीवर फळी ठोकत होतो.

ती म्हणाली की पडल्या पडल्या असं वाटतं, खाली कोणीतरी कूस बदलतंय. नव्या जागेत असं होतं, असं मी तिला सांगितलं.

सोमवार, १८ मार्च

आज तपासणी केली, नीट, घड्याळ लावून. ती बाईंकडे बसली होती तेव्हा.

स्वयंपाकघरात उभा राहिलो. ठोका: टण्ण. दर मिनिटाला एक ठोका. आठव्या मिनिटाला बद्द. अंगणात डाव्या कोपऱ्यात गेलो. टण्ण. सहाव्या मिनिटाला बद्द. मागे धुण्याच्या जागी. चौथ्या मिनिटाला.

कोब्यात दोष नाही. कधीच नव्हता. ते माझ्याखाली येतं. मी जाईन तिथे येतं, आणि दर वेळी लवकर येतं. पहिल्या दिवशी ते फाटकाजवळ पोळपाटाएवढं होतं. पंधरा दिवस मी त्याला रोज हाका मारून घरात आणलं, तिच्या पलंगाखाली नेलं. हातोडीसाहेब!

मंगळवार, १९ मार्च

बाईंकडे गेलो. त्यांनी चपला दाराबाहेर काढायला लावल्या आणि आतल्या मऊ सपाता दिल्या. मी काही विचारायच्या आत त्या सांगू लागल्या. जुन्या मालकाच्या भावाने हा कोबा उखडायला यंत्र आणलं होतं. दुपारी यंत्र थांबलं. लोक बघायला गेले तर कोबा अखंड, एक भेग नाही, जसा कालच घातलाय. यंत्र उभं होतं. माणूस नव्हता. नंतर वर्षभराने भेगा पुन्हा पडल्या.

ठोकणं बंद केलं तर? बाई म्हणाल्या की तेच तर सांगत होते. पण आता ते जागं आहे. तुम्ही थांबलात तर दुसरा जो ठोका ऐकू येईल तिकडे जाईल. सहा-आठ महिने घरात ठोकाच पडता कामा नये.

मी म्हणालो, पाळू. हातोडी पोत्यात गुंडाळून ठेवली. तिच्या काठीला चिंधी बांधली. तिने विचारलं, हे काय नवीन? म्हणालो, फरशीला चरे पडतात. तिने काठी उचलून चिंधी बोटांनी चाचपली.

बुधवार, २० मार्च

सकाळी दहा. चिंधीने काठी घसरते म्हणून तिने ती सोडून टाकली होती. मला न सांगता. स्वयंपाकघरात तीन पावलं. टक. टक. तिसऱ्या वेळी आवाजच आला नाही. काठी हातभर खाली गेली. ती तोल जाऊन ओट्यावर रेलली म्हणून वाचली.

मी काठी ओढली. हलत नाही. भोवती फरशी बंद झालीय. एक चीर नाही. काठी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी आहे, सरळ. ओळंबा लावला असता तरी—

मी तिला उचलून पलंगावर ठेवलं. मग पोत्यातून हातोडी काढली, अंगणातल्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलो आणि ठोकायला लागलो. तिच्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं. पाचव्या मिनिटाला खाली बद्द वाजलं. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

मेहुण्याला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढे नाक घासलं. म्हणालो, तुझंच खरं, मला जमलं नाही, तिला घेऊन जा. तो हसला नाही. उद्या सकाळी निघतो म्हणाला. त्याला सांगितलं की तिला उचलून ने, चालू देऊ नकोस. फाटकाबाहेर माती आहे, तिथवर उचल.

तिला खिडकीतून एवढंच ओरडून सांगितलं की जमीन खचतेय, तू पुढे हो, मी मागून येतो. माझ्याखाली काय आहे ते नाही सांगितलं. सांगितलं तर ती हलणार नाही.

थांबता येत नाही. डाव्या हाताने ठोकतोय, उजव्याने लिहितोय. नोंद नसेल तर काम झालंच नाही, असं मी सगळ्यांना सुनवायचो.

गुरुवार, २१ मार्च

७.१५. हात सुजलाय. ठोके चालू. पोकळ भाग खडूने आखला, बसल्या बसल्या, हात पोचेल तिथवर. पुढे झाडूच्या दांड्याला खडू बांधून. भिंतीपासून पायरीच्या अलीकडे तीन हात. रेघ स्पष्ट आहे. रेघेच्या पलीकडे फाटकाची वाट. ती अजून घट्ट.

८.३०. पहिल्या आठवड्यात भरलेल्या— माझ्या सगळ्या भेगा दिसेनाशा झाल्यात. कुठे भरलं होतं ते कळत नाही. कोबा नवा कोरा. असं काम मला कधी जमलं नसतं.

९.१०. लेपवाला फाटकाबाहेर आला. डबा खाली ठेवला, मातीत. हात जोडले. मीही मान हलवली. त्याला बरंच काही बोललो होतो, वाईट वाटतं.

९.२५. मोटार. मेहुणा आत आला, वेडा बघावा तसा माझ्याकडे बघत घरात गेला. येताना एक वॉकर आणलाय. लोखंडी. चार पायांचा. ओरडलो, नको, उचल तिला! म्हणाला, भाऊजी, ती उचलू देत नाही—

९.३१. दारात आली. पायरी उतरली. वॉकर टेकतेय. टक. मी जोरात ठोकतोय. माझ्याखाली बद्द. अजून माझ्याखालीच. चल, चल, वाटेवर राहा, बावीस पावलं

९.३३. अकरा झाली. घट्ट. बारा. मेहुणा मागे. तेरा. जमेल. ती मोटारीत बसली की मग माझं बघू

९.३४. थांबली.

इकडे बघतेय. हात केला, जा म्हणून. विचारतेय, तुम्ही का उठत नाही?

काहीतरी उत्तर दिलं. पटलं नाही तिला. चाळीस वर्षांत माझं खोटं कधी पटलंय. वॉकर वळवला. फाटकाकडे नाही— इकडे

ओरडतोय मी. ती म्हणतेय, तुम्हाला घेतल्याशिवाय जाणार नाही. मेहुणा नुसता उभा. धर की तिला, अरे धर

रेघेपासून चार पावलं.

मी उठलो तर ते माझ्याबरोबर येईल, तिच्याकडे. बसलो तर ती येईल.

दोन पावलं. ऐकत नाही. तिला थांबवायला हातोडीचा हात वर केला, उंच, थांब म्हणून, आणि ठोका चुकला. एकच. लगेच खाली ठोकला—

टण्ण.

माझ्याखाली घट्ट आहे. सगळीकडे घट्ट. ती अजून चालतेय, टक, आणि ते आता तिच्या